आधी ओल, मग वास

शिवणकामाच्या पुस्तकांत यंत्राच्या निगेला बहुधा शेवटचे एखादे पान मिळते. तेल कुठे सोडावे, पट्टा सैल झाला तर काय करावे, सुई कशी बदलावी, एवढ्यात ते पान संपते. इस्त्रीच्या वाट्याला तेही येत नाही. ती बिघडली की दुरुस्तीला न्यायची, नाहीतर भंगारात द्यायची. पावसाळ्यात या दोन्ही वस्तूंना जो कुबट वास धरतो, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटत नाही. वास आला की डांबराच्या चार गोळ्या टाकायच्या, उदबत्ती ओवाळायची आणि ‘पावसाळा आहे, चालायचंच’ म्हणत खण बंद करायचा, ही आपली रीत. तो खण पुन्हा उघडून बघावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण ज्या घरात शिवणावर चार पैसे मिळतात तिथे तो किरकोळ राहत नाही. फॉल-पिको, ब्लाऊज, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश ही कामे आजही हजारो घरांत बाहेरच्या खोलीतल्या एका मशीनवर चालतात. गिऱ्हाईक तयार साडी हातात घेते, घडी उलगडते, पदर तपासताना तो सहज नाकाजवळ जातो. कुबट वास आला तर ती तोंडावर काही बोलत नाही. पैसे देते आणि पुढची साडी दुसऱ्या बाईकडे टाकते. टाका कितीही सुबक असला तरी या एका गोष्टीपुढे त्याचे काही चालत नाही. बाळंतविड्याची झबली, कुंची, दुपटी शिवणाऱ्या हातांना तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ते कापड थेट नवजात बाळाच्या अंगाला लागते.

दुसरी गोष्ट, आपल्या घरांतली बरीच मशीन जुनी आहेत. आयझॅक मेरिट सिंगरने अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली. हप्त्याने विकण्याची युक्ती त्याच्या कंपनीने लवकरच काढली आणि यंत्र साध्या घरांत पोचले. यंत्रयुगावर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ सालच्या एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद म्हणून वेगळे काढले होते. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात मध्यमवर्गीय लग्नांत पायमशीन ही भेट म्हणून रुळली. बिडाचे हे यंत्र सहजासहजी मोडत नाही. आजीचे आईकडे येते, आईचे मुलीकडे. येताना त्याच्याबरोबर लाकडी पेटी येते, खण येतात, आणि त्यांत साठलेले किती तरी पावसाळेही येतात.

हवामान खात्याने २०२०मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. या चार महिन्यांत मुंबईत सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीकडे तो आकडा तीन हजारांच्या वर जातो. पण वासाच्या दृष्टीने पावसाच्या आकड्यापेक्षा हवेतली आर्द्रता महत्त्वाची. जुलैत किनारपट्टीवर ती ८५ टक्क्यांच्या आसपास असते. ती सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला जगायला तेवढे पुरते. तिचे बीजाणू कुठून आणावे लागत नाहीत. ते हवेत बाराही महिने असतात. त्यांना अन्न लागते आणि ओल लागते. सुती कापड, लाकूड, चामडे, कागद, खळ, अंगाचा घाम, सुताचे तूस हे सगळे त्यांचे अन्न. शिवणाच्या टेबलावर आणि इस्त्रीच्या खाली यांतले काय नसते? अन्न तिथून पूर्णपणे काढून टाकणे शक्य नाही. काढता येते ती ओल. या पुस्तिकेतला सगळा उपदेश या एका वाक्यातून निघाला आहे.

कुबट वास म्हणजे नेमके काय, हेही थोडे समजून घ्यायला हवे. बुरशी आणि तिच्या जोडीने वाढणारे काही सूक्ष्मजीव जगताना बारीक बारीक वायुरूप द्रव्ये बाहेर टाकतात. त्यांतले एक अळंबीला तिचा ओळखीचा वास देते. दुसरे जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो त्यात हेच असते आणि बीटच्या कंदाला येणारा मातकट वासही याचाच. माणसाचे नाक जिओस्मिनच्या बाबतीत फार तिखट आहे; अत्यल्प प्रमाणातही ते ओळखते. म्हणून अंगणात सुखावणारा वास साडीच्या घडीत आला की लगेच खटकतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वास येतो आहे म्हणजे बहुधा कुठे तरी काही तरी अजून जिवंत आहे आणि ओले आहे. त्यावर अत्तर शिंपडले तर दोन वास होतात, एक जात नाही.

मात्र स्वतःच्या घरातला वास स्वतःला कळत नाही. नाक रोजच्या वासाला सरावते. त्यासाठी एक साधी परीक्षा सांगतो. धुऊन खडखडीत वाळवलेले सुती हातरुमाल घ्या. एक मशीनच्या खणात, एक लाकडी झाकणाखाली, एक इस्त्रीच्या टेबलाच्या घडीत ठेवा. रात्रभर राहू द्या. सकाळी ते घेऊन घराबाहेर जा, गॅलरीत किंवा जिन्यात, आणि तिथे एकेक हुंगून बघा. कोणता रुमाल कुठला हे लक्षात ठेवले की वासाचे घर सापडते. ही परीक्षा न करता सरसकट सगळे पुसत सुटणारे लोक बहुधा चुकीची जागा चकचकीत करतात.

रुमालाला तीनपैकी एक वास असेल. मातकट, कुबट असेल तर तो बुरशीचा. लाकूड, कागद, पट्टा किंवा साठवलेल्या चिंध्या बघा. खवट असेल तर तो तेलाचा. यंत्राच्या पोटात बघा. आंबूस, ओल्या फडक्यासारखा असेल तर तो अर्धवट वाळलेल्या कापडाचा. इस्त्रीच्या टेबलाकडे वळा. तिन्ही वासांची कारणे वेगळी, म्हणून इलाजही वेगळे. पुस्तिकेचे तीन भाग त्यानुसारच पाडले आहेत.

पहिल्यांदा यंत्राचे पोट. सुईच्या खाली जी पोलादी पट्टी असते, ती बहुतेक यंत्रांत दोन स्क्रूंवर बसवलेली असते. सुई आणि तिच्याजवळचा पाय काढा, बाजूचे सरकते झाकण काढा, बॉबिनची डबी बाहेर घ्या आणि ते दोन स्क्रू सोडवा. पट्टी उचलली की कापड पुढे ढकलणारे दाते उघडे पडतात. बरीच वर्षे न उघडलेल्या यंत्रात या दातांच्या ओळींमधली फट दिसतच नाही. तिथे तूस, तेल आणि धूळ यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला असतो. टोकदार काडीने उचलला तर तो अखंड पट्टी होऊन निघतो. वरून राखाडी, खालून काळपट, बोटाला चिकट. दाबला की त्यातून तेल येते. हा थर हवेतली ओलही धरून ठेवतो आणि तेलही सोडत नाही. शिवताना प्रत्येक कापड त्याच्यावरून घासत जाते. टाका कच्चा पडणे, कापड अडणे, फिकट कापडावर करडी रेघ उमटणे या तक्रारींचे मूळही पुष्कळदा इथेच असते. जुना दात घासायचा ब्रश, एक चिमटा आणि पंधरा मिनिटे यापेक्षा जास्त सामान या कामाला लागत नाही. तोंडाने फुंकर मात्र मारू नका. तूस आणखी आत जाते आणि फुंकरीबरोबर ओलही.

दुसरे, तेल. कोकणात आणि गोव्यात घरात खोबरेल तेल हाताशी असते आणि मशीन कुरकुरले की त्याचे दोन थेंब सोडले जातात. त्या वेळी मशीन गप्प बसतेही. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागते, म्हणजे पौष-माघातल्या पहाटे चाक जड लागते. पुढे हवा लागून ते खवट होते आणि चिकटते. गोडेतेल, करडईचे तेल यांचीही तीच कथा. ती वाळून राळेसारखी बसतात. शिवणयंत्राचे तेल हे खनिज तेल असते. ते पातळ असते, सहसा खवट होत नाही आणि थिजत नाही. आधीचे खाद्यतेल चिकटून बसले असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापसाने सांधे पुसून काढावेत, रॉकेल पूर्ण उडून जाऊ द्यावे आणि मग यंत्राचे तेल सोडावे. हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून लांब, आणि मोटर जोडलेली असेल तर प्लग काढून करावे. चाक घट्ट बसले असेल तर जोर लावू नये. तेल सोडून एक रात्र थांबावे; दुसऱ्या दिवशी ते बहुधा आपणहून सुटते. शेवटी एखाद्या जुन्या फडक्यावर, दोरा न ओवता, मशीन थोडा वेळ चालवावे. जादा तेल त्या फडक्यावर येते, गिऱ्हाइकाच्या साडीवर येत नाही.

यंत्राच्या वरच्या अंगाविषयी एक इशारा इथेच द्यायला हवा, कारण ही चूक हौसेने केली जाते. जुन्या काळ्या मशीनवर सोनेरी वेलबुट्टी असते. तिच्यावर बहुधा लाखेच्या पॉलिशचा पातळ थर असतो. स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करायचे द्रव त्यावर चोळले की लाख विरघळते आणि वेलबुट्टीही हातात येते. व्हिनेगर लोखंडाला गंज चढवते. ब्लीचही धातूला खाते. काळ्या अंगाला मऊ फडक्यावर घेतलेले यंत्राचेच तेल पुरे. सांध्यात पाणी जाऊ देऊ नका.

लाकडाचे तसे नाही. त्याला बाहेरून पॉलिश असते आणि आतून ते कोरे असते, हे खण उलटा करून पाहिले की कळते. ओल शिरते ती या कोऱ्या बाजूने. खण रिकामे करून बाहेर काढावेत, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावेत आणि उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली, पूर्ण वाळवावेत. तरीही वास उरला तर आतल्या बाजूवर हलका पॉलिश-पेपर मारून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यावेत. लाख वास आतच बंद करते. जुनी कपाटे दुरुस्त करणाऱ्या सुतारांना हे चांगले ठाऊक असते. भुशाच्या पाट्यांचे नवे टेबल असेल आणि ती पाटी फुगली असेल तर मात्र पाटी बदलण्याला पर्याय नाही. फुगलेली पाटी पुन्हा वाळली तरी तिची भगदाडे ओल धरत राहतात.

खणातल्या वस्तूंची झडती हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. इथे ओझरते सांगतो. गोधडीसाठी जमवलेली कातरण न धुता ठेवलेली असते. तिच्यात खळ असते, घाम असतो, आणि पहिली बुरशी तिथेच धरते. खाकी कागदावर कापून ठेवलेले ब्लाऊजचे नमुने गुंडाळी करून कोंबलेले असतात. कागद हवेतली ओल झटकन घेतो. जुनी सुती रिळे बुरशीने कुजतात, दोरा शिवताना तटातट तुटतो आणि दोष मशीनच्या ताणाला दिला जातो. टाचण्यांच्या उशीत गंज असतो. पायमशीनच्या चामडी पट्ट्यावर पांढरट बुरा दिसला तर तो घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसावा. पट्टा जुनाट असेल तर सरळ बदलावा, तो महाग नसतो.

आता इस्त्री. वास इस्त्रीत कमी आणि इस्त्रीच्या खाली जास्त असतो. लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याचे टेबल बघा. त्यावर ब्लँकेटचे दोन-तीन थर, वर चादर, भाजल्याचे तांबूस डाग. पण कुबट वास नसतो, कारण दिवसभर त्यावरून गरम लोखंड फिरते आणि ओल टिकतच नाही. घरातले टेबल आठवड्यातून एकदा उघडते. वाफेच्या इस्त्रीच्या टाकीत साधारण २०० ते ३०० मिलिलिटर पाणी मावते. त्या पाण्याची वाफ काही हवेत जाते, काही कपड्यात, आणि बरीचशी खालच्या फोममध्ये उतरते. इस्त्री झाली की टेबल गरम आणि दमट असतानाच घडी करून दाराआड उभे केले जाते. पुढचे सहा दिवस तो फोम तिथे बंद असतो. दाराआड हवा नाही, भिंत बाहेरच्या बाजूची असली तर तीही गार आणि ओलसर. मग पुढच्या रविवारी गरम इस्त्री फिरली की उष्णतेने तो सगळा वास वर येतो आणि नव्या धुतलेल्या सदऱ्यात शिरतो. घरातली माणसे साबण बदलतात, कपडे दोनदा धुतात. टेबलाकडे कुणी बघत नाही.

उपाय सोपा आहे. इस्त्री संपल्यावर टेबल पंख्याखाली तासभर उघडेच ठेवा. कव्हर महिन्यातून एकदा काढून धुवा. पांढरे सुती असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा, पूर्वी धोबी भट्टी लावत तसे. फोम काळपट पडला असेल तर धुऊन उपयोग नाही, टाकून द्या आणि त्या जागी जाड लोकरी ब्लँकेटची घडी घाला. ती काढता येते, वाळत घालता येते. जे लोक प्लायवूडच्या टेबलावर चादर पसरून इस्त्री करतात, त्यांच्या बाबतीत वाफेला खाली जायला वाटच नसते. त्यांनी इस्त्री झाली की चादर उचलून दोरीवर टाकलीच पाहिजे.

पावसाळ्यात आणखी एक सवय सर्रास दिसते. कपडे वाळत नाहीत म्हणून अर्धवट ओले कपडे इस्त्रीने ‘वाळवले’ जातात. वरवर ते वाळतात, पण कॉलर, कंबरपट्टा, खिशाची दुहेरी शिवण यांत ओल राहते आणि ते तसेच कपाटात जातात. घरात वाळवलेल्या कपड्यांना येणाऱ्या आंबूस वासाचा माग जपानी संशोधकांनी काढला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू या वासाला कारणीभूत असल्याचे दिसले. धुतल्यावरही तो कापडात टिकून राहतो आणि कोरडेपणाही बऱ्यापैकी सोसतो. म्हणजे कपडा जितका जास्त वेळ ओलसर राहील तितके त्याचे फावते. इस्त्रीनंतर कपडा लगेच घडी न घालता अर्धा तास हँगरवर ठेवावा, एवढे पथ्य पाळले तरी फरक पडतो.

इस्त्रीच्या स्वतःच्या पोटात साचते ते पाणी. काम झाल्यावर टाकी रिकामी करावी आणि इस्त्री गरम असतानाच आतली उरलीसुरली वाफ निघून जाऊ द्यावी. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी टाकीत क्षार साठवते. ते काढायला कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलीच रीत वापरावी, कारण एका इस्त्रीला चालणारे आम्ल दुसरीला चालत नाही. टाकीत अत्तर, गुलाबपाणी, खळीचे पाणी घालू नये. कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याच्या बाटलीकडेही लक्ष असू द्यावे. तीत महिनोन्महिने तेच पाणी असते. बाटलीच्या आतल्या बाजूला बोट फिरवले तर बुळबुळीत लागते. तेच पाणी आपण कपड्यावर मारून वरून इस्त्री फिरवतो.

वासावरच्या घरगुती उपायांवर एक पूर्ण प्रकरण आहे, कारण त्यांत काही निरुपद्रवी आहेत, काही निरुपयोगी आणि काही धोक्याचे. खाण्याचा सोडा उघड्या वाटीत ठेवला तर थोडाफार वास ओढतो, ओल काढत नाही. कोळशाचेही तसेच. कडुनिंबाची पाने आणि कापूर किडीला दूर ठेवतात. बुरशीला त्यांचा धाक नाही. सिलिका जेल खरोखर ओल ओढते, पण चपलांच्या खोक्यातून आलेल्या पुड्या बहुधा आधीच भरलेल्या असतात. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे भराभर पाणी जमवतात. ते खारे पाणी यंत्रावर सांडले तर गंज ठरलेला, म्हणून ते डबे मशीनच्या खणात नकोत. कळीचा चुना ओल घेतो, पण पाणी लागले की तापतो आणि रेशीम-लोकर खातो.

डांबराच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. नॅफ्थलीनच्या गोळ्या ओल घेत नाहीत, बुरशी मारत नाहीत. त्या फक्त वासावर वास चढवतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या गटात ठेवले आहे. त्याहून जवळचा धोका तान्ह्या बाळांना असतो. ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांत, या गोळ्यांत ठेवलेले कपडे वापरल्याने रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. अशी कमतरता आहे हे बऱ्याचदा घरात कुणाला माहीतही नसते. झबली-दुपटी शिवणाऱ्या घरात मशीनच्या खणात ही गोळी असू नये, हा नियम या पुस्तिकेत अपवाद न ठेवता सांगितला आहे. तसाच दुसरा नियम: खोली कोरडी करायला बंद दाराआड कोळशाची शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि तिसरा: ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि अमोनिया, कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो.

एवढे सगळे करून पुन्हा मशीनवर प्लास्टिकचे कव्हर घातले तर श्रम वाया जातात. बिडाचे जड यंत्र रात्री गार होते, दमट हवा त्याला लागली की पाण्याचे बारीक थेंब धरतात, आणि प्लास्टिकखाली ते उडून जाऊ शकत नाहीत. जुन्या सुती चादरीचे कव्हर शिवा. मशीन तुमच्याकडेच आहे. मशीन बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि वापरा. रोज थोडे तरी चालणारे मशीन सहसा कुबट होत नाही.

पुस्तिकेत कामांची वेळही सांगितली आहे. मृग लागण्यापूर्वी एकदा, श्रावणात ऊन-पावसाची उघडझाप सुरू झाली की जमेल तसे, आणि मुख्य सफाई पाऊस ओसरल्यावर. आपल्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. शिंपी मशीनला झेंडूचा हार घालतात, हळद-कुंकू वाहतात. किनाऱ्यावर पाऊस परतण्याचे दिवसही साधारण तेच. पूजेच्या आदल्या दिवशी मशीन वरवर पुसण्याची प्रथा आहेच. त्याच दिवशी पट्टी उघडून पोटातले तूस काढले, खण उन्हात टाकले, इस्त्रीच्या टेबलाचे कव्हर धुतले, तर वर्षाची बेगमी होते. लाकूड आणि कापड उन्हात ठेवा. यंत्र सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

ही पुस्तिका प्रामुख्याने कोकण, मुंबई, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या घरांसाठी आहे. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलट असते. उन्हाळ्यात लाकूड तडकते, तेल धुळीने जड होते. तिथल्या वाचकांना तेलाचे आणि तुसाचे प्रकरण उपयोगी पडेल, लाकडाचे त्यांनी आपल्या हवेप्रमाणे वाचावे. अलीकडच्या संगणकीय मशीनच्या आतल्या भागांना इथे हात घातलेला नाही. ते काम कारागिराचे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बुरशी साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे, निदान नाकातोंडाला मास्क लावून घराबाहेर करावे.

यातली बरीच माहिती मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या, जुन्या शिवण वर्गांतल्या बाईंच्या आणि लाँड्रीवाल्यांच्या बोलण्यातून आली आहे. त्यांनी ती कधी लिहून ठेवली नाही, कारण त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नाही. विज्ञानाचा आधार जिथे मिळाला तिथे जोडला आहे. जिथे घरगुती समजूत त्याच्याशी जुळली नाही तिथे समजूत सोडून दिली आहे.

वाचकांना एवढीच विनंती, की तिन्ही भाग ओळीने वाचत बसू नका. आधी रुमालाची परीक्षा करा आणि जो वास येईल त्याच प्रकरणापासून सुरुवात करा. आणि वाचून झाल्यावर ही पुस्तिका मशीनच्या खणात ठेवू नका. ती कागदाची आहे. खणातली पहिली ओल तीच धरेल.